रंगीत दहा रुपये

नेरुळला माझं झेरॉक्सचं दुकान. सात बाय नऊचा गाळा.
काळं-पांढरं पाच, रंगीत दहा,
लॅमिनेशन वीस.
मॅचच्या रात्री स्टेडियमचा उजेड
समोरच्या मेडिकलच्या काचेवर येऊन बसतो.

फायनलची तिकिटं सुटली त्या दिवशी
जुईली, भावाची, शटरखालून वाकून आत आली.
कीपिंगचे हातमोजे काखेत.
आत्या, तुझं नेट फास्ट आहे, म्हणाली.
दुकानाचा कॉम्प्युटर, माझा फोन, तिच्या बापाचा तडकलेला फोन,
तिन्हीवर एकच वाक्य:
तुमच्या पुढे चौऱ्याऐंशी हजार सहाशे अकरा जण.
मधेच एक काका आधार कार्ड घेऊन आले.
थांबा, लाइन आहे, म्हटलं.
दुकानात दुसरं कुणीच नव्हतं.
ते बिचारे थांबले.

साडेदहाला आमचा नंबर लागला.
उरलं होतं एकच. एक्कावन्न हजार, जेवणासहित.
जुईलीनं विचारलं,
जेवण नको सांगितलं तर कमी करतील का?

दुसऱ्या दिवशी चहावाल्या दिन्यानं बातमी आणली:
उरण फाट्यावर एक पोरगा
तीन हजाराचं बावीसला देतोय.
मी पावतीच्या मागे हिशोब केला.
चार हजार चारशे पानं.
दोघींची आठ हजार आठशे.
टोनर वेगळा.

आणि फायनलच्या सकाळी रांग माझ्याच दारात.
खारघरहून, ठाण्याहून, एक जोडपं तर थेट नाशिकहून,
फोनची बॅटरी दगा देते हो, कागद बरा.
काढली मी तिकिटं. त्रेसष्ट.
गरम गरम, भाकरीसारखी, एकेक हातात दिली.

निळ्या शर्टातला एक माणूस.
रंगीत काढा, म्हणाला. दोन सीट, शेजारीशेजारी.
वीस रुपये स्कॅन करून गेला,
फाइल माझ्याकडेच राहिली.
डेस्कटॉपवर. कोपऱ्यात. दोन चौकोनी कोड,
मुंग्यांनी भरल्यासारखे.
गेटवर जो आधी पोचेल त्याचं तिकीट खरं.
आणि आम्ही तर चालत बारा मिनिटांवर.

जुईलीला कळलं होतं.
ती काही बोलली नाही, हातमोज्याची दोरी
सोडत होती, बांधत होती.
प्रामाणिकपणा म्हणू नका याला.
मला भीती वाटली,
गेटवर तिच्यासमोर कुणी माझा हात धरला तर.
डिलीट दाबलं.
नक्की ना? मशीननं विचारलं.
ते सगळ्यांनाच विचारतं.

रात्री आम्ही गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून.
फोनवर मॅच वीस सेकंद उशिरा,
आवाज मात्र सरळ हवेतून.
जुईलीनं डोळे मिटून घेतले.
हा चौकार.
हा नुसता ओरडा, अपील.
हा झेल सुटला, आत्या, ऐक,
सुटलेल्या झेलाचा आवाज वर जातो आणि मधेच बसतो.
मग फोनमध्ये तो झेल हळूच सुटायचा.
शेजारचे घरत काका खुर्ची घेऊन आले,
मग त्यांची सून, मग तिसऱ्या मजल्यावरची पोरं.
फोनकडे कुणी बघेना. सगळे हिच्या तोंडाकडे.
शेवटी आभाळ फाटावं तसा आवाज आला.
फोनमध्ये अजून फील्ड लावणं चाललं होतं.
जिंकलो, ती म्हणाली,
आणि वीस सेकंद
ते फक्त आमच्या गच्चीला ठाऊक होतं.

मंगळवारी निळ्या शर्टवाला परत आला.
तेच दोन कागद, घडी पडलेले.
लॅमिनेट करा, आठवण म्हणून.
कशी झाली मॅच? मी विचारलं.
शेवटच्या चार ओव्हर नाही बघितल्या हो,
पार्किंगला गर्दी होईल म्हणून निघालो.

कोपऱ्यावरची जुईली वहीतून मान वर काढून
त्याच्याकडे बघत राहिली.
मी कागद रोलरमध्ये सरकवले.
एका कोडावर हवेचा फुगा राहिला.
दुसऱ्यांदा फिरवला असता तर गेला असता.

चाळीस रुपये, म्हटलं.